बोरगोंडी तलावाची गळती

२ सप्टेंबर

आले एकदाची! सोलापूरहून मंद्रूपपर्यंत एसटी आणि तिथून पुढं श्रीमंतमामांच्या मोटारसायकलवर, मांडीवर गादीची वळकटी घेऊन. श्रीमंतमामा इथले चौकीदार. वय साठीच्या पुढं, डोक्याला पिवळा फेटा, बोलणं कमी. सांडव्यावरचा फरशीपूल ओलांडताना मात्र गाडी थांबवून म्हणाले, "जुनं हाय, पन लई दमदार हाय की आमचं धरण."

माझं पहिलं पोस्टिंग. कंत्राटी का असेना, कनिष्ठ अभियंता. धरण म्हणजे मातीचा भराव, चाळीस फूट उंच, बहात्तरच्या दुष्काळात बांधलेला. सात गावं हेच पाणी पितात. क्वार्टर भरावाच्या पायथ्याशी, दोन खोल्या, दारात लिंब. शेजारच्या खोपटात मामा आणि त्यांच्या बायको मायाक्का राहतात. मायाक्कांनी पहिल्याच दिवशी ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि लोटाभर ताक आणून दिलं आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या. त्यांची मुलगी सुकन्या खालच्याच बोरगोंडीत दिलेली आहे, दिवस भरत आलेत, असं सांगत होत्या.

अक्कलकोटला आईला फोन केला. ती कानडीत एवढंच म्हणाली, की पाण्याजवळ जपून राहा. मी हसले. पाण्याजवळ राहायचाच तर पगार आहे.

५ सप्टेंबर

काम आवडायला लागलंय. सकाळी पाणपातळी वाचायची, मग भरावावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. घुशीची बिळं शोधायची, उगवलेल्या वेड्या बाभळी उपटायला लावायच्या. शेवटी पायथ्याच्या चरात जायचं. तिथं सिमेंटच्या खाचेतून भरावात झिरपलेलं पाणी बाहेर येतं, त्याची उंची पट्टीनं मोजायची. मातीचं धरण थोडं झिरपणारच. पाणी नितळ असलं की काळजी नाही. गढूळ आलं तर समजायचं, आतून माती वाहून चाललीय.

आज पाणी नितळ होतं. पण मागच्या महिन्यापेक्षा दुप्पट.

७ सप्टेंबर

रविवार असल्यामुळं जुन्या नोंदवह्या काढून बसले. १९९१ साली गळती अशीच वाढत गेलेली दिसते. ऑगस्टमध्ये 'गढूळ' असा शेरा. मग एका दिवसात 'निरंक'. २००९ सालीही तसंच. चढत गेलेले आकडे, 'गढूळ', आणि दुसऱ्या दिवशी निरंक. दोन्ही वेळा दुरुस्तीची नोंद कुठंच नाही. आणि दोन्ही वेळा निरंकच्या दिवसापासून वहीतलं अक्षर बदललेलं.

गळती अशी आपोआप बंद होत नसते. मामांना विचारलं. ते म्हणाले, आधीचे साहेब नोकरी सोडून गेले. दोघंही? व्हय, दोघंही. मग ते शेरडं बघायला उठून गेले.

१० सप्टेंबर

तीन दिवस पाऊस. वरच्या ऑफिसला फोटोंसकट कळवलं, की वाळू, खडी आणि माणसं तातडीनं हवीत. उत्तर आलं, की प्रस्ताव पाठवा, दिवाळीनंतर बघू. मी प्रस्ताव पाठवला. मग मंद्रूपच्या एका ट्रॅक्टरवाल्याला गळ घालून वाळूच्या चाळीस गोण्या आणून टाकल्या.

चरातलं पाणी आज किंचित मातकट होतं.

सुकन्याला मुलगा झाला. मायाक्कांनी साखर वाटली.

१३ सप्टेंबर

पाणी कुठून येतं ते सापडलं. खाचेपासून वीस पावलांवर, भरावाच्या बुडाशी, वाटीएवढं भोक. त्याच्याभोवती मी आणि मामांनी गोण्यांचं कडं रचलं आणि मध्ये खडी टाकली. पाणी यावं पण माती येऊ नये, असा तो उपाय. मामा भोकाच्या जवळ येईनात. गोण्या लांबूनच सरकवत होते. मी चिडले.

संध्याकाळी खडीवर काहीतरी चमकलं. किल्ली होती, पितळी बिल्ला लावलेली. बिल्ल्यावर क्वार्टरचा नंबर. माझ्या किल्लीला आहे तसाच.

ही भरावाच्या आतून आली.

१४ सप्टेंबर

सकाळी सांडवा वाहू लागला. दहापर्यंत फरशीपूल पाण्याखाली. दुसऱ्या अंगाला ओढा फुगलाय. म्हणजे क्वार्टर, खोपट आणि धरणाचा पायथा एवढंच बेट उरलंय. फोनला रेंज नाही. मी मामांना म्हटलं, की आत्ताच पलीकडं जा, गाव माळावर हलवायला सांगा. ते दोर धरून कसेबसे पार झाले. आता ते तिकडं, आम्ही दोघी इकडं.

ते गेल्यावर मी किल्ली मायाक्कांसमोर ठेवली. त्यांनी ती ओळखली. मग सांगितलं. इथं त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिण्याची हिंमत होत नाही, म्हणून थोडक्यात. २००९ चे साहेब महेश्वर. चांगला माणूस, त्यांच्याकडंच जेवायचा. भोक किती खोल आहे ते बघायला त्यानं हात आत घातला. हात निघेना. मामांनी त्याला कमरेला धरून ओढलं. ओढलं की गढूळ पाणी उसळायचं, सोडलं की थांबायचं. खाली सात गावं. मामांनी सोडलं. दिवस मावळेपर्यंत तिथं काहीच नव्हतं, भोकसुद्धा नव्हतं. ऑफिसनं 'गैरहजर' लिहिलं.

मी म्हटलं, माती खचली असेल, माणूस अडकला असेल. मायाक्का किल्ली पदरानं पुसत राहिल्या.

१५ सप्टेंबर

कडं फुटलं. भोक घागरीएवढं झालंय. पाणी लाल, दाट. दिवसभर गोण्या टाकल्या. टाकलेली गोणी आत जाते. वाहून बाहेर येत नाही, आत जाते.

बोरगोंडीच्या देवळातला भोंगा ऐकू येतोय. मामांचाच आवाज. माळावर चला म्हणतायत. लोक निघालेत, असं ते दुपारी सांडव्याच्या पलीकडच्या काठावर येऊन ओरडून सांगून गेले. पण सगळे नाहीत. पाऊस आहे, म्हातारी माणसं आहेत. सुकन्या पाच दिवसांची बाळंतीण.

पोहून जायचा विचार केला. सांडव्याच्या काठावर उभी राहिले. एक अख्खी बाभूळ माझ्यासमोरून फिरत फिरत गेली आणि खाली फुटली. परत आले.

१६ सप्टेंबर, सकाळी ९

उरलेल्या अकरा गोण्या. भोकाजवळ उभं राहिलं की पाण्याचा आवाज बंद होतो. तिथंच, त्या दोन पावलांतच. मायाक्कांनाही तसंच जाणवलं. त्या म्हणाल्या, मॅडम, तुमी जाऊ नका तितं. पण दुसरं कोण जाणार?

वही रेनकोटाच्या खिशात ठेवतेय.

११:४०

घसरले. गोणी आत गेली आणि तिच्यामागं डावा हात. कोपरापर्यंत.

माती नाही. मातीची पकड अशी नसते. मनगटाला बोटं आहेत.

गढूळ पाणी थांबलं. एकदम. नळ बंद केल्यासारखं.

११:५५

मायाक्कांनी ओढलं. दोनदा. दोन्ही वेळा तोंडावर लाल पाणी उसळलं, वरची माती धसली. त्यांनी सोडलं, पाणी थांबलं. मी त्यांना नीट सांगितलं, अगदी शांतपणे. पाणी थांबलंय तोवर आपल्याला वेळ आहे. सांडव्याच्या काठावर जा, मामांना ओरडून सांगा, की सगळं गाव हलवा, एक माणूस ठेवू नका. गाव रिकामं झालं की क्वार्टरमधला मोठा दोर आणा. लिंबाला बांधू आणि ओढू. मग धरण फुटलं तर फुटू दे.

त्यांनी सगळं ऐकलं. मान हलवली. गेल्या.

गुडघ्यांवर आहे. उजवा हात मोकळा. लिहिलं की बरं वाटतं.

१२:३०

दुखत नाही. हेच वाईट. हात थंड आणि — ते ओढत नाहीत. नुसतं धरलंय. मी जरा हलले की तेवढंच आत घेतात. दंडापर्यंत आलंय.

ते म्हणतेय मी. एका हाताची बोटं नाहीत ही.

१:०५

भोंगा. मामा काहीतरी सांगतायत. वारा उलटा आहे, तुकडे ऐकू येतात — गळती — गळती थांबली —

नाही. हे नाही सांगायचं.

१:१०

स्पष्ट ऐकलं. "गळती थांबली हाय. घरी चला. बाळंतिणीला हलवू नका." दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना मामांचा आवाज फाटला.

मायाक्कांनी तेवढंच सांगितलं. बाकीचं नाही सांगितलं.

खूप ओरडले. भरावाच्या बुडाशी आवाज वर जात नाही.

१:३०

खांदा. गाल मातीला टेकलाय. आतून ऐकू येतंय — पाणी नाही — श्वास. खूप जणांचा, सावकाश. मोजला. माझ्याच लयीत आहे. मी थांबले तर तोही —

१:४५

मायाक्का येतायत! पायवाटेवर दिसल्या. हातात काहीतरी आहे. दोर असेल. दोरच असेल. हाका मारतेय —

१:५०

दहा पावलांवर थांबल्या. पुढं येत नाहीत.

दोर नाही. ताटात हळद आहे, कुंकू, नारळ. आणि हिरवं लुगडं.

रडतायत. खाली बसल्या. मला म्हणाल्या, "माजी पोर हाय खाली. तुमाला जन्मभर पुजीन मी."

मायाक्का, पूजा नको. मला धरा. नुसतं धरा, ओढू नका — सांगतेय मी त्यांना — त्या बघतच नाहीत माझ्याकडं, नारळ फोडायला दगड शोधतायत — माती मानेवर आलीय, गरम आहे — मायाक्का अजून तिकडंच आहेत — उजव्या मनगटालाही आता बाहेरून कुणाची तरी बोटं अलगद