आधी अ‍ॅसिड, मग बॉण्ड

१२ जाने., डोंबिवली
दुपारी क्लिनिक रिकामं. कॉलेज आठवलं. मी आणि विद्या एकाच टेबलाशी, लोणच्याच्या बरणीत ठेवलेले, पेशंटचे काढलेले दात, त्यांवर फिलिंगचा सराव. अ‍ॅसिड लावायचं, धुवायचं, सुकवायचं. दातावरचं एनॅमल खडूसारखं पांढरं दिसलं की ती मला कोपराने ढोसायची. डबा एकच. तिच्या आईची मेथी मी जास्त खायचे.
आता तिचं ठाण्यात माजिवड्याला तीन खुर्च्यांचं क्लिनिक. माझी मुग्धा तिथे. "सहा महिने शिकून येते, आई." दुसरं वर्ष चालू आहे.

१५ जाने.
काल मु. संक्रांतीला आली. जेवताना विद्यामावशी असं म्हणते, विद्यामावशी तसं करते. फिलिंग दाताला चिकटवायचे नवे बॉण्ड एकाच बाटलीत येतात, कंपनीवाले म्हणतात वेगळं अ‍ॅसिड नको, हेही सांगितलं. मी म्हटलं, आतल्या भागाला चालेल. एनॅमलवर अ‍ॅसिड नसेल तर पकड कच्ची, पुढे कडेला तपकिरी रेघ येते. ती हसली नुसती.
पाडव्यापर्यंत सांग म्हटलं, इथे बसणार की मी क्लिनिक बंद करू. ती ताटं उचलायला लागली.
ती गेल्यावर तिळाची वडी खाताना दाताचा कोपरा उडाला. समोरचाच दात.

१६ जाने.
स्वतःचा दात स्वतःला भरता येत नाही. डोंबिवलीत ओळखीचे आहेत, तरी ठाण्यालाच जाणार. मु.चं काम बघायचंय. खरं म्हणजे वि.ने तिला काहीतरी चुकीचं शिकवलेलं असावं, असं वाटतंय. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, हेवा वाटला की त्याच माणसासाठी प्रार्थना करा. केली. पाढे म्हटल्यासारखी.

१९ जाने.
वि. दारापर्यंत आली, हात धरला. "किती वाळलीस गं." स्वतः छान दिसत होती. मु. म्हणाली, "मावशी, दाताच्या रंगाची शेड बघ ना," आणि दोघी एकदम माझ्या तोंडावर वाकल्या. माना एकाच बाजूला कललेल्या. मी डोळे मिटले.
वि. तिच्या पेशंटकडे गेली. थोड्या वेळाने जिभेवर आंबट चव. अ‍ॅसिड. मु.ने धुतलं, सुकवलं. इतकं बरं वाटलं की राहवेना. कोणी शिकवलं, म्हणून विचारलंच. ओठ मिटले, जीभ दाताला लागली. पेशंटना आयुष्यभर ज्यासाठी रागावले, तेच.
"आई, लाळ लागली. आता परत अ‍ॅसिड."
परत सगळं. मग बॉण्ड, तो कडक करायला निळा दिवा, फिलिंग, पॉलिश. मी गुळणी करताना तिने सहज उत्तर दिलं.
"विद्यामावशीने. एनॅमलला अ‍ॅसिड लावल्याशिवाय ती बॉण्डच्या बाटलीला हात लावू देत नाही. तू परवा तेच बोललीस तेव्हा हसू आलेलं मला. सेम मावशी."
सेम मावशी. मी तोंड पुसत राहिले.

२२ जाने.
फिलिंगच्या कडेवरून टोकदार प्रोब फिरवून बघितला. कुठेही अडकत नाही. दात कुठे संपतो नि फिलिंग कुठे लागतं, कळत नाही. वाईट केलं असतं तर सोपं गेलं असतं.
वि.चा फोन. दात कसा आहे विचारलं. मग, "तुझी पोरगी मला देऊन टाक." हसत. मीही हसले. फोन ठेवल्यावर चहा उतू गेलेला दिसला.

३ फेब्रु.
मु. अजून काही बोलत नाही. कोणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते, म्हणजे पाडव्याला वाद नको.
खुर्ची आणि कॉम्प्रेसर मु.ला, इथे बसली तर. नाहीतर विठ्ठलवाडीच्या धर्मादाय दवाखान्याला.
निळा दिवा मु.लाच, कुठेही बसली तरी.
फिलिंगची बारीक हत्यारं विद्याला. तिचा हात माझ्यापेक्षा हलका, पहिल्यापासून. मु.च्या हाती पाठवायची नाहीत, मी नेऊन देईन. कधी, ते बघू.
पेशंट वाटून देता येत नाहीत. फक्त देशपांडे काका घाबरतात, त्यांना मु.नेच बघावं.
क्लिनिकची किल्ली अजून कोणालाच नाही.