एकोणीस पानी अहवाल मागे घेण्याबाबत

न्यूनेन, हॉलंड, मंगळवार, ९ मार्च २०२१

तीर्थरूप मेधाताईस,

हरिहरचा साष्टांग नमस्कार. एरवी हे शब्द हात आपोआप लिहितो. या खेपेला आठही अंगं जमिनीला टेकली आहेत असं समज. (आठ कोणती ते खात्रीसाठी पाहून घेतलं. त्यात मन आणि वाणीसुद्धा मोजतात. माझ्या बाबतीत मुख्य गुन्हेगार तीच दोन.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींनी लस टोचून घेतली का? तिकडे एक तारखेपासून साठीच्या पुढच्यांना देतात असं वाचलं. इथे अजून ऐंशीच्या पुढच्यांचं चाललंय, त्यामुळे लस येण्याची वाट पाहावी की माझं वय वाढण्याची, हे ठरत नाही. बाकी आम्ही तिघं बरे आहोत. शामला घरून काम करते, मी घरून काम करतो, गुंजन घरून शाळा करते, आणि रात्री नऊनंतर घराबाहेर पाऊल टाकलं तर पंच्याण्णव युरो दंड आहे. एवढ्या सहवासाची आम्हाला कुणालाच सवय नव्हती.

आता मूळ विषय. मी सगळं पहिल्यापासून क्रमाने लिहिणार आहे, कारण क्रम सोडला की मी स्वतःला वाचवायला लागतो. तुझ्या संहितासाठी डॉक्टर अभिरामचं स्थळ आलं तेव्हा तू मला फोन करून म्हणालीस की मुलगा अमेरिकेत आहे, तू परदेशात आहेस, तर जरा चौकशी कर. (न्यूनेनपासून मुलाचं आयोवा सात हजार किलोमीटर, आणि सांगलीपासून न्यूनेनही जवळपास तेवढंच. म्हणजे मी तिथल्या माणसांना जितका जवळचा, तितकीच तू मला. पण हे मी तेव्हा बोललो नाही. कुणी काम सांगितलं की मला बरं वाटतं.) शामला त्याच संध्याकाळी म्हणाली, की मुलाला एक फोन करा, त्याच्या दवाखान्यात एक फोन करा, दहा मिनिटांचं काम आहे. तिच्या वडिलांनी आमच्या लग्नाआधी चिंचवडला येऊन माझ्या खोलीखालच्या इस्त्रीवाल्याकडे पाऊण तास काढला होता, आणि तेवढ्यात मी पीत नाही, चिडतो फार, आणि शर्ट चारच आहेत, इतकी माहिती घेऊन गेले होते. तिन्ही गोष्टी बरोबर होत्या.

पण ताई, फोन करून विचारायचं म्हणजे आपल्याला माहीत नाही असं कबूल करायचं. कारखान्यात फिटर म्हणून लागलो तेव्हापासून मी कुणाला काही विचारलेलं नाही. ड्रॉइंग वाचायला स्वतः शिकलो, संगणक रद्दीतल्या पुस्तकांवरून शिकलो, डच भाषा सीडीवरून शिकलो (त्यामुळे मला विमानतळावर आणि हॉटेलात उत्तम डच येतं, इतरत्र कमी). तेव्हा मी अमेरिकेच्या जनगणनेचे तक्ते उघडले. अभिराम जिथे डॉक्टर आहे त्या ऑर्टन काउंटीचे लोक, घरं आणि अर्थव्यवस्था यांवर मी सात आठवडे, कामाचे तास सांभाळून, अभ्यास केला. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका, पण माणसं काढून घेतलेला. त्यातून तो एकोणीस पानी अहवाल झाला. तुला तो मी १२ फेब्रुवारीला पाठवला, आणि शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘स्थळ नाकारावे’.

त्यातली कलमं तुला पाठ असतील, कारण संहिताने ती तुला मोठ्याने वाचून दाखवली असं दाजींकडून कळलं. पहिलं कलम असं, की काउंटीत दर शंभर बायकांमागे एकशे एकोणतीस पुरुष आहेत, त्यातले बरेचसे तरुण, अविवाहित आणि शून्य उत्पन्नाचे, सबब मुलीसाठी वातावरण धोक्याचं. दुसरं, दर साडेसहा घरांमागे एक घर रिकामं, सबब लोक कशाला तरी भिऊन पळतायत. तिसरं, काउंटीतल्या आशियाई माणसांची संख्या अकरा असून त्यांत अभिरामच्या वयाचा एकही पुरुष नाही, सबब मुलगा तिथे राहतो याला कागदोपत्री पुरावा नाही. (तक्ता २०१० सालचा होता. मुलगा तिथे २०१८ साली गेला. तक्त्याच्या डोक्यावरचं साल मी वाचलं होतं, पिवळ्या रंगाने अधोरेखितही केलं होतं. वाचणं आणि लक्षात घेणं ही दोन वेगळी कामं आहेत हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.) चौथं, चांगला डॉक्टर असता तर अशा ठिकाणी कशाला गेला असता. आणि पाचवं कलम त्याच्या घराचं. चार खोल्या, पुढे ओटा, मागे सफरचंदाची दोन झाडं, आणि किंमत अशी की तेवढ्यात इथे मोटार उभी करायची जागा मिळेल. त्यावर मी लिहिलं होतं, ‘इतक्या स्वस्तात घर मिळते याअर्थी काहीतरी दडले आहे.’

दडलं होतं ते खरंच, पण तिकडे नाही. गेल्या दोन वर्षांत शामलाने आणि मी न्यूनेनमध्ये अकरा घरं पाहिली, अकराही वेळा कुणीतरी मागितल्यापेक्षा जास्त देऊन घेऊन गेलं. वीस वर्षं झाली, मी अजून भाड्याने राहतो. एकतीस वर्षांच्या मुलाची सफरचंदाची झाडं मला त्या तक्त्यातून दिसायला लागली होती. ते कलम मी चार वेळा सुधारून लिहिलं, आणि दर वेळी ते जास्त विषारी होत गेलं.

इथपर्यंत झालं ते निदान घरातल्या घरात होतं. पण अहवालाला बाहेरचा दुजोरा हवा म्हणून मी काउंटीच्या इतिहास मंडळाला एक ईमेल केली. त्यात मुलाचं नाव नाही, लग्नाचा उल्लेख नाही. मला आपल्या काउंटीचे लोक, घरं आणि अर्थव्यवस्था यांत रस आहे, एवढं लिहून खाली चौदा प्रश्न घातले. मला वाटलं, यालाच सावध चौकशी म्हणतात. आठ दिवसांनी मिसेस व्हिसर नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचं उत्तर आलं. त्या मंडळाच्या अध्यक्षा. चौदाही प्रश्नांना क्रमाने उत्तरं देऊन (मला तेव्हाच त्यांच्याबद्दल आदर वाटला) शेवटी त्यांनी विचारलं होतं, की आपण कुटुंबासह केव्हा येणार? मग शाळेच्या मुख्याध्यापकांची ईमेल आली, पहिलीत यंदा नऊ मुलं आहेत, आपली किती? मग एका गृहस्थाने तीन रिकाम्या घरांचे फोटो पाठवले, एकाच्या दारात मुद्दाम बर्फ काढून. त्या काउंटीत राहायला येऊ का, असं तीस वर्षांत परगावच्या कुणी आपणहून विचारलं नव्हतं, ताई. आणि मी विचारतोय असं त्यांनी समजून घेतलं होतं.

इथे मी एक ओळ लिहायला हवी होती. नाही लिहिली. उलट दुसऱ्या घराच्या छपराचा उतार किती अंश आहे ते विचारलं. का, ते सांगतो. वीस वर्षांत मला इतक्या आदराने कुणी काही लिहिलेलं नाही.

परवा, रविवारी ७ तारखेला, त्यांची ऑनलाइन सभा होती. त्यांचे दुपारचे साडेबारा, आमचे संध्याकाळचे साडेसात. मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. मी कोट घातला. (गुंजनने कॅमेरा लावून दिला आणि कोटाबद्दल डचमध्ये काहीतरी म्हणाली, जे सीडीत नव्हतं.) पडद्यावर अडतीस चौकटी, बहुतेकांत पांढरे केस, काहींत नुसतं छत. मिसेस व्हिसर यांनी माझी ओळख करून दिली की हे गृहस्थ हॉलंडहून आपल्याकडे राहायला येण्याचा विचार करतायत. अडतीस चौकटींत टाळ्या वाजल्या. कुणाचे आजोबा इकडून गेलेले, त्यांनी विचारलं, घराजवळ पवनचक्की आहे का. मी म्हणालो आहे, पण खिडकीतून दिसत नाही. मग माझा अभ्यास दिसावा म्हणून मी विचारलं, की आपल्याकडे शंभर बायकांमागे एकशे एकोणतीस पुरुष कसे, आणि ते काही कमावत का नाहीत?

मग एक शेतकरी आजोबा सावकाश म्हणाले की साहेब, त्यातले अकराशे चार जण गावाच्या दक्षिणेला तुरुंगात आहेत. जनगणनावाले त्यांना इथलेच धरतात.

म्हणजे ताई, आपल्या संहिताच्या संभाव्य सासरचं वातावरण म्हणून मी तुला जे पाठवलं, ते कैद्यांचं होतं. ते वजा केले की तीन हजार सहाशे चाळीस पुरुष आणि तीन हजार सहाशे अडुसष्ट बायका उरतात. (बायका अठ्ठावीसने जास्त. मी तिथल्या तिथे कागदावर वजाबाकी केली, कारण वर बघवत नव्हतं.)

तेवढ्यात मिसेस व्हिसर म्हणाल्या, मग आम्ही घर कोणतं राखून ठेवू? आणि मी, तुला खोटं वाटेल, दुसऱ्या घराबद्दल बोलायला लागलो. तेव्हा सर्वांत खालच्या ओळीतली एक चौकट उजळली. डोळ्यांखाली मास्कचे वळ, मागे दवाखान्याची भिंत. या सभांना पहिली दहा मिनिटं डॉक्टर येऊन म्हाताऱ्यांना लशीचं समजावून सांगतो आणि मग थांबला तर थांबतो, हे मला माहीत नव्हतं; मला त्या दहा मिनिटांनंतर आत घेतलं होतं. स्थळाच्या माहितीत हॉलंडचा मामा होताच, त्यावरून त्याने मला ओळखलं असावं. तो मराठीत बोलला.

“मामा, मी अभिराम. माझ्याबद्दल काय विचारायचंय ते मला विचारा. या लोकांना उगाच आशा लावू नका.”

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला चिडता आलं असतं.

मग मी इंग्रजीत सगळं सांगितलं. मी येणार नाही, मला फक्त तुमच्या डॉक्टरांची चौकशी करायची होती, आमच्या भाचीचं स्थळ आहे. मला वाटलं आता एकेक चौकट बंद होत जाईल. एकही झाली नाही. त्या अडतीस जणांनी मलाच धरलं. भाची काय शिकली आहे? (फिजिओथेरपी, म्हटल्यावर गुडघ्यांबद्दल बरीच चर्चा झाली.) थंडी सोसेल का? गाडी चालवते का? तिथे पुढच्या दवाखान्याला बासष्ट मैल आहेत. परदेशी डॉक्टरने डॉक्टर नसलेल्या भागात तीन वर्षं काढली तर त्याला अमेरिकेत राहता येतं, आणि अभिरामची तीन वर्षं येत्या जुलैत संपतायत. मागचे दोघे तीन वर्षं संपल्याच्या आठवड्यात शहरात गेले. हा घर घेऊन बसलाय, तर आता त्याची बायको कशी निघते यावर त्यांचा डॉक्टर राहतो की जातो हे ठरणार. एक बाई म्हणाल्या, डिसेंबरात त्यांचे यजमान कोविडने गेले तेव्हा त्यांना आत सोडत नव्हते, तर हा तीन तास यजमानांच्या कानाशी फोन धरून उभा होता. हे त्यांनी मला पटवायला सांगितलं नाही. मुलगी चांगली आहे ना, हे विचारताना सांगितलं. अभिराम तोवर आपली चौकट बंद करून पेशंटकडे निघून गेला होता.

मी सगळी उत्तरं खरी दिली. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत ती दोनदा नापास झालीय हेही सांगितलं. तिथे गप्प बसायला हवं होतं असं शामला म्हणते. इस्त्रीवाल्याच्या जागी मीच होतो, आणि एकही प्रश्न माझ्या तक्त्यात नव्हता.

संहिताला माझे आशीर्वाद सांग, ती घेणार असेल तर.

तुझा,
हरिहर

ता. क. पत्र हाताने लिहून फोटो पाठवतोय, कारण पोस्टाने पोचायला पाडवा उलटून जाईल. अहवाल जाळून टाक. सातव्या पानावरचा नकाशा मात्र बरोबर आहे, तो ठेवायला हरकत नाही.

ता. क. २. पाडव्याच्या आत हो की नाही सांगा, असा अभिरामच्या आईचा, निशिगंधाबाईंचा निरोप आहे, आणि तुम्ही माझ्या अहवालामुळे तीन आठवडे त्यांचा फोन उचललेला नाही, हे मला माहीत आहे. काल मी अभिरामला फोन केला. (पहिल्यांदा. साडेआठ मिनिटं.) त्याचा राग नाही, पण आईला फार लागलंय, म्हणाला. तर ताई, हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी. आज निशिगंधाबाईंना नाशिकला फोन कर. संहिताचं नाव मध्ये आणू नकोस, तुझंही नको, पत्रिकेचं निमित्त तर मुळीच नको. सरळ सांग, आमचा भाऊ शिकलेला नाही, आकडे बघून भलतंच समजला, आणि आम्ही त्याचं ऐकलं.

ता. क. ३. ‘शिकलेला नाही’च्या जागी ‘स्वतः शिकलेला आहे’ म्हणालीस तरी चालेल. अर्थ तोच निघतो.

ता. क. ४. तो निघत नाही. वरचं खोडलं असतं, पण खाडाखोड केलेलं पत्र मी कधी पाठवलेलं नाही. शिकलेला नाही, असंच सांग.