दगडफुलाचा वाटा

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)

आदरणीय नीलाताईस,
धाकट्या धम्मपालचा सप्रेम जय भीम.

तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? भाऊजींचा खोकला गेला, की विडीशी त्याची मैत्री अजून टिकून आहे? (हे मी विचारलं असं सांगू नकोस. त्यांच्या लेखी मी आधीच कामातून गेलेला माणूस आहे.) पत्र बघून घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तू 'जेवलास का' विचारतेस, मी 'हो' म्हणतो आणि पुढे दोघांनाही काही सुचत नाही. पत्रात निदान मध्येच तुझ्या कुकरची शिट्टी होत नाही.

माझा सगळा जन्म शेवाळ आणि दगडफुलं बघण्यात गेला, हे तुला वेगळं सांगायला नको. स्थळ बघायला गेलो तेव्हा मुलीपेक्षा तिच्या कंपाउंडची भिंत जास्त न्याहाळली, हे तू अजून लग्नाकार्यात सांगत असतेस. (भिंत खरोखरच चांगली होती.) सोसायटीत मला मान आहे, नाही असं नाही. पाण्याची टाकी धुवायची वेळ आली की सेक्रेटरी सीताराम सावंत येऊन विचारतात, "सर, तुम्ही शेवाळातले डॉक्टर ना? मग हे कायमचं जाईल असं कायतरी सांगा ना." एरवी माझी बेल दूधवाल्याशिवाय कोणी वाजवत नाही. दगडफूल म्हणजे एका बुरशीने आणि एका शैवालाने मिळून थाटलेला संसार असतो. एकाने घर बांधायचं, दुसऱ्याने रांधायचं. असे हजारो संसार मी भिंगातून पाहिले. घरी येऊन एकट्यापुरता भात लावतो आणि तोही उरतो. ताई, कधी कधी फार एकटं वाटतं. असो.

तर यंदाची गोष्ट. दगडफुलाला स्वच्छ हवा लागते आणि इथल्या कारखान्यांकडची हवा तुला ठाऊक आहे (मागे आलीस तेव्हा नाकाला पदर लावून बसली होतीस). इतक्या वर्षांत इथल्या झाडांवर मला काही धड सापडलं नव्हतं. आणि यंदा रस्त्याकडेच्या एका जुन्या आंब्यावर करडं, झालरीसारखं दगडफूल दिसलं! ओळखीच्या कुठल्याच जातीत बसेना. नवीच जात असणार, असं मनाने घेतलं. आंबा तोडायला काढला होता, म्हणून होतं नव्हतं तेवढं खरवडून पाकिटांत भरून घरी आणलं. तेवढ्यात पुण्याला परिषदेला जावं लागलं. पाकिटांना दमट वास येत होता, म्हणून समोरच्या शेवंतीकाकूंकडे किल्ली दिली आणि सांगितलं, टेबलावरचं जरा उन्हात घाला.

परत आलो तर पाकिटं छान घडी घालून ठेवलेली आणि रिकामी. मी पुण्यात असताना गच्चीवर काकूंच्या मिरच्या आणि धणे वाळत होते. त्यांच्याशेजारी माझी नवी जात वाळली, मग तेलावर भाजली गेली आणि सगळ्या मजल्याच्या मसाल्याबरोबर कांडपाला जाऊन आली.

मी ओरडायच्या तयारीने काकूंचं दार वाजवलं. (मी ओरडलो की आवाज कसा येतो, हे मलाही एकदा ऐकायचं होतं.) पण काकूच आधी बोलल्या, "अहो सर, एवढे लाजता काय? मसाल्यात भागी व्हायचं होतं तर सरळ सांगायचं ना! दगडफूल काढून ठेवलंत तेव्हाच मी ओळखलं. एकट्या माणसाला वर्षाचा मसाला कोण करून देणार? हा घ्या तुमचा वाटा." आत सगळ्या बिऱ्हाडांच्या बरण्या रांगेत मांडल्या होत्या आणि त्यांतल्या एकीवर चिकटपट्टी लावून लिहिलं होतं, 'धम्मपाल सर'. मी ओरडायचं विसरून चष्मा पुसत बसलो. मसाल्याचा खकाणा होता म्हणा, पण तेवढ्याने नव्हे. मग त्यांनी जेवायला बसवलं आणि मी माझी नवी जात वालाच्या उसळीतून दोन भाकऱ्यांबरोबर खाल्ली. विज्ञानाचं नुकसान झालं खरं, पण चव उत्तम होती, एवढं मी शास्त्रज्ञ म्हणून छातीठोक सांगतो. बोलता बोलता 'असं दगडफूल जगात दुसरीकडे कुठे नाही' हेही सांगून बसलो. ते दुसऱ्या दिवशी अख्ख्या बिल्डिंगला कळलं.

भाऊजींना जय भीम, नातवंडांना गोड पापा.

तुझा,
धम्मपाल

ता. क. : तुझ्या परसातल्या फणसावर दगडफूल असतं. वाळवून दोन पिशव्या पाठव. संशोधनासाठी हवं आहे.

ता. क. २ : संशोधन वगैरे काही नाही. काकू म्हणाल्या, "पुढच्या वर्षीपास्नं दगडफूल तुमच्याकडे लागलं हां." माझ्याकडे कोणाचं काही लागण्याची ही पहिलीच वेळ. ते फार सावकाश वाढतं, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

ता. क. ३ : एका पाकिटाच्या घडीत नखाएवढा तुकडा सापडला. भिंगाखाली नीट पाहिला. नवी जात नव्हती; वाण्याकडे मिळतं तेच. काकूंना कळू देऊ नकोस. खरं तर मला फार वाईट वाटायला हवं, पण आत्ता बेल वाजली आहे आणि दूध सकाळीच येऊन गेलं. दार उघडतो.