तुझ्या आईच्या ताटातले दाणे

प्रिय शिल्पा,

फोन सोडून अप्पांनी पत्र का धाडलं, असं तुला वाटेल. तुझी आई फोन स्पीकरवर टाकून शेजारीच बसते, मग मी बोलणार काय, कपाळ! म्हणून अहमदपूरच्या स्टँडसमोर हॉटेलात बसून लिहितोय.

लातूरच्या आहारवाल्या बाईंनी माझ्या किडनीपायी शेंगदाणे, काजू, बदाम बंद केले आणि डाळींना माप लावलं, ते तुला ठाऊक आहे. मुगाची डाळ भिजवायची, उकळून पाणी फेकायचं, मग जे उरतं ते माझं वरण. जन्म तुरीच्या वरणावर गेला आणि आता आपल्याच शेतातली तूर मला चमच्यानं! चिडचिड होते गं. त्यात भेटायला येणारा जो तो बदामाची पिशवी घेऊन येतो. व्यंकटराव तर ‘भिजवून खा, लई ताकद येती’ असं वर बजावून गेले. तोंडावर हसलो, ते गेल्यावर शिव्या घातल्या.

तरी मी निभावतोय. मागच्या तपासणीत आकडे वाढले नाहीत, डॉक्टर खूश होते. माझा वैताग माझ्या पथ्याचा नाहीच. तो तुझ्या आईच्या पथ्याचा आहे.

आहारवाल्या बाई एवढंच म्हणाल्या होत्या की यांच्यासमोर दाणे ठेवू नका. हिनं घरातून दाण्यांचा डबाच हद्दपार केला. भाजीत कूट नाही, चटणी नाही. जिला शेंगदाण्याच्या चटणीशिवाय भाकरीचा घास उतरत नव्हता, ती माझ्याबरोबर दुधी आणि पांढरा भात जेवते. वाटीभर मुगाचं वरण होतं, तेही सगळं मला. ओरडलो तर म्हणते, “तुमच्यापुढं बसून मी मचमच खाऊ? मला न्हाई उतरत.” आत जाऊन खा म्हणालो, तर अबोला धरला. एकदा रागानं ताट सारलं, तर तिनंही सारलं. आता या बाईपुढं डोकं आपटून घेऊ का?

परवा भाकरी थापताना तिला भोवळ आली आणि ती ओट्यापाशीच खाली बसली. मी हाका मारत राहिलो, ती नुसती बघत होती. डॉक्टर म्हणाले, रक्त फार कमी झालंय. हिच्या किडन्या ठणठणीत आहेत, उसळी, डाळी, दाणे पोटभर खाऊ द्या. हिनं “हाव, खाते” म्हणून मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा दुधी चिरायला घेतला. वर तुला कळवायचं नाही म्हणून मला शपथ घातली. ती मी आज मोडून राहिलोय.

येळवस, आपली शेतात जेवायची अमावस्या, तोंडावर आलीय. शेतात भज्जी शिजेल, तुरीचे-हरभऱ्याचे ओले दाणे, शेंगदाणे, सगळं त्यात. ती साऱ्या पाहुण्यांना आग्रहानं वाढेल आणि स्वतः माझ्याजवळ कोरडा भात घेऊन बसेल. तू आदल्या दिवशीच नांदेडहून ये. तिचं ताट तू वाढ, तुझ्यापुढं तिचं काही चालत नाही. मी लांब बांधावर जाऊन जेवेन. हे बेचव खाणं मी गिळतो ते तिच्यासोबत अजून चार वर्षं मिळावीत म्हणून. तीच खंगून गेली तर मी पथ्य कोणासाठी पाळू, सांग.

तुझाच,
अप्पा