एक कप म्हणजे किती

१२ जून, सोमवार
रविवारी आईचा साठावा वाढदिवस. जन्मभर ती आमच्यासाठी ओट्याशी उभी. तिच्यासाठी कुणी काही केलेलं नाही. केक मी करणार, असं जेवताना जाहीर केलं. ताईनं विचारलं, बेकरीत सांगून ठेवू का? नको म्हटलं. कंपनीत मी वजनकाटे तपासते. पाच किलो मैदा आणला.

१३ जून
रेसिपीत 'दोन कप मैदा'. कप भरायचा कसा, उल्लेख नाही. दाबून भरला: १५८ ग्रॅम. चमच्यानं अलगद: ११९. इतक्या मोघमपणावर लोकांचे केक फुगतात, हा योगायोग.

१४ जून
तीस वेळा मोजायचं ठरवलं. मोजलेला मैदा एकदा दबला की दबला. दर वेळी ताजाच हवा. वापरलेला बाबांना खळ करायला दिला. त्यांनी फाटकी पुस्तकं चिकटवायला घेतली आहेत. खूश आहेत.

१५ जून
काटा हलतो म्हणून पंखा बंद ठेवला. घरात सगळे घामाघूम. ताई म्हणाली, "मैदा मोजतेयस की त्याचं लग्न ठरवतेयस?" मी आकडा दुरुस्त करण्यात होते.

१७ जून
चाळून आणखी काही कप मोजले. एक कप = १२६.४ ग्रॅम. आता काही चुकणं शक्य नाही. बाबांची पुस्तकं संपली. शेजाऱ्यांची मागून आणताहेत.

१८ जून, सकाळ
डब्यात २०५ ग्रॅम. हवेत २५२.८. कोपऱ्यावरचं दुकान बंद. ताई म्हणाली, छोटा कर. मग तीन अंड्यांतून किती काढायचं? मी विचारलं. बाबांनी विचारलं, थोडी खळ उरलीय, चालेल का?

रात्री
केक बेकरीचा. ताईनं सोमवारीच सांगून ठेवला होता. चांगला होता. मी दोनदा घेतला.
नंतर ओटा पुसायला आईच उठली. फटींतून निघालेला मैदा मी काट्यावर घेतला: ५२ ग्रॅम. म्हणजे कमी पडला तो सांडल्यामुळे. मोजण्यात चूक नव्हती. आईला आकडा दाखवला.
ती म्हणाली, "बरं गं. आता बाजूला हो, तेवढा काटा पुसू दे."