आणखी कोण म्हणतं?

१२ मार्च

बाबा गेले! टीव्हीवर. काळ्या चौकटीत फोटो, खाली लाल पट्टी — ‘बातम्यांचा आवाज हरपला’. आणि इथे हॉस्पिटलच्या खाटेवर बसून तोच आवाज मला विचारतोय, ‘बिस्किटं संपली का गं?’

वाहिनीने श्रद्धांजलीची फिल्म आधीच करून ठेवली होती म्हणे. बातमी दिली ती बाबांच्याच विद्यार्थिनीने. तिने वॉर्डात फोन केला, कोणीतरी सांगितलं, ‘त्यांची खाट रिकामी आहे.’ अगं बाई, एक्स-रेला नेलं होतं! पण पुन्हा फोन कोण करतो? तेवढ्यात दुसरी वाहिनी पुढे जायची.

बाबांनी जन्मभर रेडिओवर बातम्या वाचल्या. दोन ठिकाणांहून कळल्याशिवाय एक ओळ नाही. घरीही तेच. शेजारीण पळून गेली असं आईने सांगितलं तरी जेवता जेवता विचारायचे, ‘आणखी कोण म्हणतं?’

त्याच दिवशी, नंतर

दादाचा फोन, गाडीतून. टीव्ही बघून निघाला होता. हमसून हमसून रडत होता. आई गेली त्या संध्याकाळी बाबांनी आधी बातम्या वाचल्या, मग घरी आले — तेव्हापासून त्याने त्यांचं तोंड पाहिलेलं नाही.

म्हटलं, ‘अरे, बाबा आहेत! बोलतोस का?’

त्याचं रडणं थांबलं. मग म्हणाला, ‘मला बोलवायला हे नाटक केलंत?’

शपथा घेतल्या, गयावया केली. मधल्याच स्टेशनावर उतरला.

१३ मार्च

बाबांना सांगितलं, दादा निघाला होता.

‘रडत होता?’

‘हो.’

काय खूश झाले! येईल त्या डॉक्टरला, झाडूवाल्या मावशींना तेच — ‘माझा मुलगा निघालाय.’ परत फिरला हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. आता नजर दाराकडे.

१५ मार्च

वाहिनीने माफी मागितली. बारीक अक्षरात, जाहिरातीच्या आधी. डोळ्याचं पातं लवेपर्यंत गेलीसुद्धा.

विद्यार्थिनी येऊन रडली. बाबा म्हणाले, ‘फिल्ममध्ये आवाज तरुणपणचा लावलास, छान केलंस. पुढच्या वेळी मात्र येऊन बघ.’ तीही हसली, मीही. मग बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

१८ मार्च

धाप वाढली. दादा फोन उचलत नाही. बाबा मलाच समजावतात, ‘गाडीला उशीर झाला असेल.’

इतका राग येतो! दादाचा, वाहिनीचा, माझाही.

२० मार्च

दुपारी बाबा गेले. तोंड दाराकडेच होतं.

दादाने आज फोन उचलला. म्हणाला, ‘टीव्हीवर तर काहीच नाही.’

मी म्हटलं, ‘मी सांगतेय ना! मी इथेच आहे, त्यांच्याजवळ.’

मग हुबेहूब बाबांच्या आवाजात — ‘आणखी कोण म्हणतं?’

मी फोन सिस्टरच्या हातात दिला.