आंबिलीची बिंदगी कोणाच्या डोक्यावर

माय,

परवा मार्गशीर्षाच्या अवसेला येळवस झाली. तुझ्या वेळेसारखीच रानात कडब्याची कोप केली, आत पाच दगडांचे पांडव पूजेला मांडले. पण कित्येक दिवस आधीपासून मला घास गोड लागत नव्हता. आंबील फार आंबेल का, पालेभाज्या-दाण्यांची भज्जी पुरेल का, आणि खरं म्हणजे जेवायला कोणी येईल का, हाच घोर. कारण सगळा स्वयंपाक माझ्या लेकीचा होता.

तिला तू पाहिलं नाहीस, ती जन्मायच्या आधीच तू गेलीस. तिचा नवरा एड्सने गेला. तिच्याही रक्तात तेच आहे हे कळताच सासरच्यांनी तिला पिशवीसकट औरादच्या स्टँडवर सोडलं. आता ती माझ्याजवळ आहे, सरकारी दवाखान्यातली गोळी रोज घेते, माझ्याहून जास्त राबते. एका ताटात जेवल्याने हे लागत नाही ना, असं पुन्हा पुन्हा विचारून मी तिथल्या नर्सबाईंना बेजार केलं. नाही लागत, त्या म्हणाल्या. पण गावाला कोण सांगणार? गिरणीवाला तिचं दळण सगळ्यांच्या मागून दळतो.

येळवशीच्या आदल्या दिवशी धाकटा भाऊ आला, तुझा लाडका. "अण्णा, औंदा आंबील आमच्या घरून आणूत. न्हाईतर रानात कुत्रं बी यायचं न्हाई."

"न्हाई आलं तर बैलं पेतील," मी म्हणालो.

लेक भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अप्पा, कामून भांडायलाव? उद्या कोणी जेवलं न्हाई तर मी हैदराबादला कामाला जाते." मला धडकी भरली. तिथे तिला कोण विचारणार, गोळी घेतलीस का म्हणून?

तेव्हा तू आठवलीस. मी लहान असताना महारोग झालेला एक म्हातारा येळवशीला आपल्या बांधावरून चालला होता. तू त्याला हाक मारून बसवलंस, आपल्याच वाटीत आंबील दिलीस. मी तोंड वाकडं केलं तर पाठीत धपाटा घातलास. "येळवशीला रानातून कोणी उपाशी जात न्हाई. किळस येत असल तर तू जा." तो गेल्यावर मात्र ती वाटी तू राखेने घासत बसलीस, कितीतरी वेळ. आज कळतं, तूही भ्याली होतीस. भिऊनही वाढलंस.

मी आंबिलीने भरलेली बिंदगी लेकीच्याच डोक्यावर दिली आणि मागच्या वाटेने नाही, गावाच्या मधून नेली. दुपारी बांधावर उभा राहून येईल त्याला हाक मारतोय, "या, जेवायला या!" माणसं गाडीवरूनच हात हलवतात. "पोट भरलंय, काका." येळवशीला पोट भरलंय म्हणणारी माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. गिरणीवाला दिसला तसा मी त्याच्या गाडीला आडवा झालो. "तुझ्याच गिरणीचं पीठ हाय. सगळ्यांच्या मागून दळलेलं. बिघडलं का बघ की चाखून!" तो कसनुसा हसला, गाडी वळवून गेला. जाऊ दे.

कोपीपाशी आलो तर लेक भांडी आवरायला लागलेली. "ठेव ते खाली," मी ओरडलो. "आधी तू पे. मग तीच वाटी मला दे." ती प्याली. मी प्यालो. आमच्यासोबत रानात आलेला धाकटा पाठ फिरवून बसला होता. तिथूनच म्हणाला, "अण्णा, समदी एकटेच संपवायलाव का? आण ग, मला बी." वाटी तीच होती.

आम्ही तिघंच जेवलो. हैदराबादचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. पुढच्या येळवशीलाही बिंदगी तिच्याच डोक्यावर असेल. गावाने यावं, नाहीतर आपल्या पोटाला सांभाळावं.

हे धाडायचं तरी कुठं? तुला अक्षर येत नव्हतं, कोणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं. आणि हे तिसऱ्याच्या कानावर जायला नको, की बाईंनी सांगितलेलं सगळं पाठ असूनही, वाटी ओठाला लावताना मी डोळे मिटले होते.